डोंगरातल्या शांत तळ्यावर चालत जायचं असेल तर

डोंगरातलं तळं शांत मिळणं हा बऱ्याच जणांना नशिबाचा भाग वाटतो, म्हणजे गेलो आणि कोणी नव्हतं तर मस्त, गर्दी असली तर आपलं बॅडलक. तसं नसतं हो. पाणी कधी स्थिर असतं, वारा कधी सुटतो, वाटेतला ओढा कधी कमी असतो, ढग कधी जमतात आणि बाकीचे लोक किती वाजता वर पोचतात हे सगळं बऱ्यापैकी घड्याळावर चालतं, आणि सगळ्याचं उत्तर एकच येतं, लवकर पोचा आणि लवकर निघा. त्यामुळे खाली वेळेबद्दल जास्त लिहिलंय, सामानाबद्दल कमी. सामानाच्या याद्या कुठेही मिळतील.

आधी तळं कुठलं निवडायचं ते बघू. ज्या तळ्याचा फोटो सगळीकडे फिरत असतो तिथे गाडी बहुतेक जवळपर्यंत जाते, किंवा वाट इतकी सोपी असते की सगळेच जातात. मग काय करायचं, त्याच भागाचा नकाशा उघडायचा आणि आजूबाजूला दुसरे निळे ठिपके शोधायचे. बर्फनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांमध्ये तळी बऱ्याचदा एकाच्या वर एक अशी ओळीने असतात, वरच्या तळ्याचं पाणी ओढा होऊन खालच्या तळ्यात जातं. पहिल्या तळ्यावर पोचलं की बहुतेक लोक बसतात, फोटो काढतात, खातात आणि परत फिरतात. त्याच्या वरचं तळं अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर असलं तरी तिथे माणसं एकदम कमी होतात. माझ्या मते शांतता शोधायचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे, लांब जायची गरजच नाही, फक्त एक चढ जास्त चढायचा. वार पण बघा, शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या सोडून मंगळवार-बुधवार मिळाला तर निम्मं काम तिथेच झालं.

नकाशा म्हणजे फोनवरची नुसती रेघ नव्हे, कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा. कॉन्टूरच्या रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, लांब लांब गेल्या की सपाटी, एवढं तर माहीत असतंच. तळ्याच्या बाबतीत अजून एक गोष्ट बघायची. तळ्याच्या तीन बाजूंनी रेषा दाट असतील आणि चौथी बाजू उघडी असेल तर ते बर्फनदीने खरवडलेल्या खोलगट जागेत साचलेलं तळं असणार. बर्फनदी मागची जमीन खोल कोरते आणि पुढे खडकाचा किंवा आणून टाकलेल्या दगडमातीचा उंबरा सोडून जाते, त्या उंबऱ्याच्या आत पाणी साठतं. म्हणूनच अशा तळ्याच्या वाटेवर शेवटचा चढ सगळ्यात उभा असतो आणि उंबऱ्यावर पाय पडेपर्यंत पाणी दिसतच नाही. हे आधी माहीत असलं की "अजून तळं कसं दिसत नाही" म्हणून जीव कासावीस होत नाही, आणि शेवटच्या टप्प्यासाठी थोडा दम राखून ठेवता येतो.

निळा आकार तुटक रेषेने दाखवला असेल तर ते बहुतेक वेळा हंगामी पाणी असतं, कोरड्या महिन्यात गेलात तर चिखलाचं मैदान बघायला मिळेल. सॅटेलाईट फोटो बघताना तो कुठल्या महिन्यात काढलाय तेही बघा. उंचावरची तळी उन्हाळा सुरू झाला तरी बराच काळ गोठलेली असतात, वाटेत बर्फ असतो, आणि अशा तळ्यावरच्या बर्फावर चालत जायचा मोह अजिबात नको, कडेचा बर्फ आधी वितळून पातळ होतो आणि ते वरून कळत नाही. तळ्याच्या वर बर्फनदी अजून असेल तर पाणी दुधाळ निळं-हिरवं दिसतं, खडक घासून झालेली अगदी बारीक भुकटी पाण्यात तरंगत असते म्हणून. दिसायला सुंदर, पण तिथे पाण्याला धरून ठेवणारा बांध म्हणजे सुट्या दगडमातीचा ढीग असू शकतो, तेव्हा तळ्यातून पाणी जिथून बाहेर पडतं त्या ओढ्याच्या पात्रात किंवा त्याच्या खाली तंबू लावायचा नाही.

आता वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला होता, तो आजही चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला अजून एक तास. समजा तळं ८ किलोमीटरवर आहे आणि ९०० मीटर वर आहे. अंतराचा दीड तासाच्या वर थोडा, चढाचा दीड तास, म्हणजे तीन तास आणि थोडं. पण हा हिशोब तब्येतीने ठणठणीत, हलकं सामान घेतलेल्या आणि मध्ये न थांबणाऱ्या माणसाचा आहे. आपण दम खातो, पाणी पितो, फोटो काढतो, कोणाच्या तरी बुटात खडा जातो. म्हणून दीडपट करा, साडेचार तास धरा. ग्रुपमध्ये असाल तर वेळ सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने काढायची, आणि त्याला पुढे चालू द्यायचं, मागे नाही. तो मागे राहिला की दर वेळी बाकीचे थांबून त्याची वाट बघतात, तो पोचला की लगेच उठून निघतात, आणि ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

तर साडेआठला तळ्यावर असायचं असेल तर चारला चालायला लागायचं. हो, चार. लोकांना हे ऐकून हसू येतं, पण गणित मांडून बघा, दोन तास वर बसलात, साडेदहाला उतरायला लागलात, उतरायला तीन तास धरले तर दीडपर्यंत खाली. गर्दी वर चढत असते तेव्हा तुम्ही वाटेत त्यांना रामराम करत खाली येत असता, आणि दुपारचे ढग जमायच्या आत धारेवरून निघून गेलेले असता. अंधारात निघायचं तर दोन अटी आहेत मात्र. पहिला तासभर वाट रुंद आणि स्पष्ट पाहिजे, शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन सुरुवातीची वळणं बघून या. आणि प्रत्येकाकडे स्वतःची हेडटॉर्च पाहिजे, फोनचा टॉर्च नाही, एक हात फोनमध्ये अडकला की अडखळल्यावर सावरायला एकच हात उरतो. वाट सुरुवातीलाच फाटे फुटणारी किंवा घसाऱ्याची असेल तर अंधारात जाऊच नका, त्यापेक्षा आदल्या दिवशी जवळ मुक्काम करा.

वाटेत ओढा ओलांडायचा असेल तर तिथेही घड्याळच महत्त्वाचं. बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्याला पहाटे पाणी कमी असतं कारण रात्री वितळणं थांबलेलं असतं, दिवसभर ऊन खाऊन दुपारनंतर ते वाढत जातं. सकाळी दगडांवर पाय देत आरामात ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येऊ शकतो आणि तुम्ही पलीकडे अडकता. ओलांडायची जागा शोधताना अरुंद जागा बघायची सवय असते आपल्याला, उडी मारून जाऊ म्हणून, पण अरुंद जागी पाणी खोल आणि जोरात असतं. पसरट जागा शोधा, जिथे ओढ्याचे दोन-तीन पाट झालेत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. बूट काढायचे नाहीत, ओले झाले तरी चालतील, अनवाणी पायाला गुळगुळीत गोट्यांवर पकड नसते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे वरच्या बाजूला टेकवलेली, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा पाय. काठी टेकली, पक्की बसली, मग पाय. पाणी गढूळ असेल, तळाशी दगड गडगडताना ऐकू येत असतील किंवा गुडघ्याच्या वर जोरात वाहत असेल तर परत फिरा. तळं पुढच्या वेळी पण तिथेच असतं.

सामानाचं थोडक्यात. उंची १००० मीटर वाढली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यात वारा. म्हणजे खाली टीशर्टमध्ये घाम येत असेल तरी वर बसल्यावर पाच मिनिटांत कुडकुडायला होतं, कारण टीशर्ट घामाने भिजलेला असतो. सुती कपडे घालू नका, ते वाळत नाहीत. एक कोरडा टीशर्ट पिशवीत गुंडाळून न्या आणि तळ्यावर पोचल्या पोचल्या, बसायच्या आधी, बदला. हा एवढासा उपाय लोक करत नाहीत आणि मग वीस मिनिटांत "चला निघू या, थंडी वाजतेय" सुरू होतं. त्यावर विंडचिटर, टोपी. ऊन कमी वाटलं तरी दर १००० मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, बर्फ असेल तर खालूनही परावर्तित होऊन येतात, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन, हनुवटीच्या खाली पण लावा. बूट नवे नकोत, आधी चाललेले हवेत, टाचेला चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावा, फोड आल्यावर नाही. बाकी शिट्टी, फर्स्ट एड, खाऊ, रेनकोट तुम्हाला माहीतच आहे.

फोनवर त्या भागाचा नकाशा आधी डाउनलोड करून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर नेटवर्क शोधता शोधताच बॅटरी संपते. थंडीतही बॅटरी भराभर उतरते म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. कागदी नकाशा बरोबर असेल तर उत्तमच. आणि निघायच्या आधी कोणाला तरी कुठली वाट, कोण कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची हे लिहून पाठवा. "डोंगरात चाललोय" एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं. परवानगी लागत असेल तर तीही आधीच काढा, संरक्षित भागात मुक्कामाला किंवा ठरावीक महिन्यांत प्रवेशालाच बंदी असू शकते.

चढताना वेग असा ठेवा की बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत असेल तर तुम्ही जास्त जोरात चढताय. तळं २५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि तो तब्येत बघून येत नाही, रोज पळणाऱ्यालाही होतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. अशा वेळी अजून वर जायचं नाही, बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. ३००० मीटरच्या वर अनेक दिवसांचा ट्रेक असेल तर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं असं डॉक्टर सांगतात. चालताना झोक जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा नुसतं बसल्यावरही धाप लागत असेल तर मात्र वाट बघत बसायचं नाही, रात्र असली तरी त्याला सोबत घेऊन खाली उतरवायचं, बरोबरच मदत मागवायची.

वर पोचलात की उंबऱ्यावरच पथारी पसरू नका. मागून येणारा प्रत्येक जण तिथेच थांबणार आहे. काठाने पुढे जा, पण ओल्या गवतातून किंवा दलदलीतून नाही, खडकांवरून, कारण उंचावरचं गवत फार हळू वाढतं आणि चार जणांनी तुडवलं तरी तिथे वाट पडते. समोरच्या बाजूला बसायला जागा मिळाली तर सगळं चित्रच बदलतं. सकाळी दरीत वारा नसतो, मग उन्हाने उतार तापले की गरम हवा वर सरकायला लागते आणि खालून वारा येतो. तो आला की पाण्यावर आधी एका कोपऱ्यात काळपट चट्टा दिसतो, चट्टा पसरत पसरत मध्यापर्यंत येतो आणि समोरच्या कड्याचं प्रतिबिंब खालच्या टोकापासून पुसत जातं. ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी हे होण्याआधी काढून घ्या, नंतर दिवसभर ते पाणी तसं मिळत नाही.

आणि आवाज. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं की सकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची गरम असते, त्यामुळे आवाज वर न जाता परत खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. तुम्ही या काठावर नॉर्मल आवाजात बोललात तरी पलीकडच्याला शब्द न् शब्द कळतो, त्यात तीन बाजूंनी कडे म्हणजे घुमणार ते वेगळंच. तेव्हा स्पीकर लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, इअरफोन वापरा नाहीतर घरीच ऐका. ड्रोनचं पण तेच, आणि बऱ्याच संरक्षित भागात त्याला बंदीच असते.

पोहायचं का? मी म्हणेन पाय बुडवा आणि पुरे. डोंगरातलं पाणी उन्हाळ्यातही फार गार असतं, वरचा थर जरा कोमट लागला तरी खाली थंडगार. गार पाण्याचा धोका समजावताना गॉर्डन गीसब्रेख्ट या कॅनडाच्या संशोधकाने १-१०-१ असा सोपा हिशोब दिलाय. पहिलं एक मिनिट श्वास आपोआप धपाधप चालतो आणि त्यातच नाकातोंडात पाणी जातं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, मग ते ऐकेनासे होतात, आणि शरीर गार पडून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणसं बहुतेक थंडीने गारठून जात नाहीत, त्याच्या फार आधी बुडतात. पोहता येत असणं इथे फारसं उपयोगी पडत नाही. त्यातून पाणी स्वच्छ असलं की तळ वर दिसतो, ४ मीटर खोल पाणी वरून सरळ बघितलं तर ३ मीटर वाटतं. तरी उतरायचंच असेल तर काठाला धरून, हळूहळू, कोणीतरी कोरड्या कपड्यात बाहेर उभं असताना, आणि उडी अजिबात नाही. सनस्क्रीन आधी पुसा, साबण तर निसर्गात विरघळणारा म्हणून विकतात तोही पाण्यात नको.

प्यायला तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. वर जनावरं चरत असतील तर जिआर्डियासारखे जंतू असतात, आणि त्याचा त्रास घरी आल्यावर आठवड्याने सुरू होतो. एक मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. फिल्टर वापरत असाल तर ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा घ्या, बॅक्टेरिया आणि परजीवी अडतात, विषाणू मात्र अडत नाहीत. आणि रात्री फिल्टर गोठू देऊ नका, आतल्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब, साधारण ७० ते ८० पावलं, १५-२० सेंटीमीटरचा खड्डा करून, कागद पिशवीत परत आणायचा. यावर लोक तोंड वाकडं करतात पण दुसऱ्याचा कागद दगडाखाली सापडला की तोंड अजूनच वाकडं होतं.

मुक्काम करायचा असेल तर तंबू पाण्याच्या अगदी काठावर लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दोन कारणांनी नको. एक तर तिथे जनावरं पाण्यावर येतात, तुम्ही त्यांची वाट अडवता. दुसरं, रात्री उतारांवरची थंड हवा जड होऊन खाली घसरते आणि त्या खोलगट जागेत साचून राहते, सगळ्यात जास्त गारठा आणि दव नेमकं काठावर. तिथून १५-२० मीटर वर एखादा सपाट टप्पा मिळाला तर लक्षात येण्याइतका फरक पडतो, तंबू आतून कमी ओला होतो. कड्याच्या पायथ्याशी ताजे, धारदार, शेवाळ न चढलेले दगड पडलेले दिसले तर तिथे लावू नका, वरून अजून दगड येतायत असा त्याचा अर्थ.

परत फिरायची वेळ खालीच ठरवून घ्या आणि ती पाळा, तळं दहा मिनिटांवर असलं तरी. ढग फुलकोबीसारखे उंच वाढायला लागले की बसून बघत राहायचं नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार, एकटं झाड, पाण्याचा काठ सगळं सोडून खालच्या बाजूला जा, एकमेकांत अंतर ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. धुक्यात वाट दिसेनाशी झाली तर शेवटची पक्की खूण होती तिथपर्यंत मागे जा, ओढ्याच्या कडेने खाली उतरत सुटू नका, ओढे कड्यावरून उड्या मारतात. मदत हवी असेल तर आल्प्समधला जुना संकेत बऱ्याच डोंगरांत ओळखतात, मिनिटाला सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. रात्री तेच टॉर्चने.

उतरायच्या आधी बुटांच्या लेसेस सोडून परत बांधा. टाच मागे ठोकून बसवा, घोट्याजवळ घट्ट, नाहीतर उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याची नखं काळी पडतात. काठ्या असतील तर थोड्या लांब करा. पावलं छोटी टाका, घसाऱ्यावर टाच रोवत आणि मध्ये अंतर ठेवून, एकाच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात नको. दमलेले पाय, डोक्यात गाडीचा विचार, आणि वाट आता माहितीतली झालेली, पाय मुरगळायला एवढं पुरतं.

खाली आलात की ज्याला प्लॅन पाठवलाय त्याला आधी मेसेज, मग खाणंपिणं. आणि घरी गेल्यावर बूट, काठ्यांची टोकं आणि पाण्यात बुडवलेलं सगळं घासून धुवून पूर्ण वाळवा. एका तळ्यातलं शेवाळ, बिया, बेडकांना मारणारी बुरशी दुसऱ्या तळ्यात अशा ओल्या चिखलातूनच पोचू शकते, तेव्हा पुढच्या तळ्यावर कोरडे बूट घेऊन जा.